विद्यापीठाचं नाव यादीत होतं

माझ्या बीएच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना 'जून २०२१' असा छापलेला आहे. इंग्रजीत ६१, समाजशास्त्रात ७२. त्या जूनमध्ये मी काय करत होते ते आमच्या गावात कुणालाही विचारा. एका हातात ऑक्सिमीटर, दुसऱ्या हातात ती कपाळावर धरायची तापाची बंदूक, आणि आशाताईबरोबर घरोघर सर्वे. संध्याकाळी यादी भरून उपकेंद्रात द्यायची, अंगणात आंघोळ करायची आणि मगच घरात पाय ठेवायचा. त्या विद्यापीठाचं नावसुद्धा तेव्हा मी ऐकलं नव्हतं. माझा 'प्रवेश' झाला २०२३ च्या जुलैमध्ये.

मग तेव्हाच कळायला पाहिजे होतं, असं तुम्ही म्हणाल. अर्धं कळलं होतं. ते अर्धं झाकून ठेवायला मी स्वतःच मदत केली, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मी वसमत तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. बारावी २००४ ची, त्याच उन्हाळ्यात लग्न. मुख्यसेविका, म्हणजे आम्हा सेविकांच्या वरची पर्यवेक्षिका, व्हायचं तर पदवी लागते, आणि आमच्या बीटमधल्या, म्हणजे एका मुख्यसेविकेखालच्या अंगणवाड्यांतल्या, निम्म्या बाया बारावीवर अडकलेल्या. महिन्याच्या मीटिंगला हा विषय निघाला नाही असं होत नाही. तिथंच शेजारच्या गावची माझी मैत्रीण एकदा चहा घेता घेता म्हणाली, "अगं, नांदेडला एक सर आहेत, एका वर्षात बीए करून देतात. सगळ्या घ्यायल्यात, तू काऊन थांबलीस?"

ते 'करून देतात' मी ऐकलं. आमच्याकडं उत्पन्नाचा दाखला करून देतात, जातीचा दाखला करून देतात, रेशनकार्डात नाव चढवून देतात. त्याच ओळीत बीए बसलं, त्यामुळं कानाला खटकलं नाही.

नांदेडला गेले. एका कॉम्प्लेक्सचा दुसरा मजला, जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, वर मात्र काचेचा दरवाजा आणि आत एसी. भिंतीवर सावित्रीबाईंचा मोठा फोटो, त्याला ताज्या झेंडूचा हार. सर तिशीतले, बोलायला मऊ. पहिल्याच वाक्यात माझ्या माहेरचं गाव विचारलं आणि "मग तुम्ही तर आमच्या मावशीच्या गावच्या" म्हणून मोकळे झाले. पाणी आलं, चहा आला. म्हणाले, "ताई, तुम्ही दुसऱ्याच्या लेकरांना शिकवता, तुमचं शिक्षण राहिलं याचं वाईट वाटतं बघा." मला भरून आलं होतं, हे आता सांगताना लाज वाटते.

मी अगदीच भोळी नव्हते. विचारलं, "विद्यापीठ खरं आहे का?" त्यांनी काहीच न बोलता मॉनिटर माझ्याकडं फिरवला. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वेबसाइट उघडली, खासगी विद्यापीठांची यादी काढली आणि माझ्याच हातात माऊस दिला. "तुम्हीच शोधा." मी शोधलं. परराज्यातलं ते विद्यापीठ यादीत होतं, पत्त्यासकट. ते खोटं नव्हतं. आजही त्या यादीत आहे. माझी शंका तिथंच मिटली. तेवढ्यासाठीच तर त्यांनी माऊस माझ्या हातात दिला होता.

आता मला जे कळलंय ते असं. त्या यादीत नाव असणं म्हणजे विद्यापीठ कायद्यानं स्थापन झालेलं आहे, एवढंच. गाडीची आरसी खरी असली म्हणून तिला सवारी भरायचा परवाना असतोच असं नाही. आपल्याकडच्या काळी-पिवळीत बसणाऱ्यांना हे सांगायला नको. दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायचं तर विद्यापीठाला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची वेगळी परवानगी लागते. त्याला डीईबी म्हणतात. तीही सरसकट नसते. कुठल्या वर्षाला, जानेवारीच्या सत्राला की जुलैच्या, आणि कुठल्या कोर्सला, हे सगळं डीईबीच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. तिथं माझ्या विद्यापीठाचं नाव नव्हतं. दूरस्थमध्येही नाही, ऑनलाइनमध्येही नाही. सरांनी ती वेबसाइट उघडली नाही आणि अशी काही वेबसाइट असते हे मला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट तर डोळ्यासमोर होती. दारावर पाटी होती: 'ऑनलाइन पदवी – अधिकृत अभ्यास केंद्र'. यूजीसीचे २०२० चे नियम आहेत दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे. त्यांच्या हिशेबानं ऑनलाइन कोर्सला अभ्यास केंद्र नसतंच. प्रवेश, फी, अभ्यास सगळं थेट विद्यापीठाशी. अभ्यास केंद्र असतं ते दूरस्थला, आणि खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर तेही उघडता येत नाही. फ्रँचायझी तर कुणालाच देता येत नाही. म्हणजे ती पाटीच सांगत होती की इथं काहीतरी गडबड आहे. मी त्या पाटीखाली चपला काढल्या आणि आत गेले.

फी सांगितली ४१ हजार. नोंदणीचे ५ हजार तिथंच, मग २१ आणि १५. तेव्हा माझं मानधन महिन्याला १० हजार. घरी हे म्हणाले, "हळद विकून टाकू." आमची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून नुकतीच पोत्यात भरली होती. भाव पडलेला होता, तरी विकली. दीड महिन्यात तो भाव असा चढला की गावात ज्यांनी पोती ठेवली ते मोटारसायकलचे शोरूम बघायला लागले. याचा सरांशी काही संबंध नाही, पण आमच्या घरात बीएचा विषय निघाला की आत्याबाई अजून आधी हळदीचंच काढतात.

पहिले ५ हजार रोख. पुढचे २१ मी फोनपे केले, तर समोर कुणा बाईचं नाव आलं. "ही कोण?" "आमच्या अकाउंटंट मॅडम. विद्यापीठाच्या खात्यावर टाकलं की जीएसटी लागतो, ताई. तुमचेच पैसे वाचवायलोत." पावती मिळाली ती एका बहुउद्देशीय सेवाभावी संस्थेची. तिच्यावर बीए हा शब्द नाही, विद्यापीठाचं नाव नाही. 'मार्गदर्शन शुल्क' एवढंच, आणि खाली बारीक अक्षरात 'शुल्क परत मिळणार नाही'. ती पावती मी देवघराच्या फळीवर जपून ठेवली.

मग परीक्षा. आमची परीक्षा म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, एसटीच्या कंडक्टरकडं पार्सल म्हणून पाठवलेला. प्रश्न व्हॉट्सअॅपवर आले आणि त्यापाठोपाठ उत्तरांची पीडीएफही आली. खाली सूचना: 'निळ्या पेननेच लिहावे. तारखेचा रकाना रिकामा सोडावा.' चार रात्री मी ओट्याशेजारी बसून लिहीत होते. इंग्रजीचं वाचून दाखवायला लेक बसली होती, तेव्हा ती अकरावीत. दुसऱ्या रात्री तिनं विचारलं, "मम्मी, ही परीक्षा आहे का होमवर्क?" मी म्हणाले, "गप, पुढचं सांग."

तारखेचा रकाना रिकामा का सोडायचा, हे मी कुणालाच विचारलं नाही. तिन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिका एकदमच आल्या होत्या. बॅकडेटमध्ये नाव घालणार, २०२० चा प्रवेश दाखवणार, हे सरांनी 'गॅप भरून देतो' या शब्दांत आधीच सांगितलं होतं. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुठल्याही विद्यापीठाला देता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अंगणवाडीत मी पाच महिन्यांच्या बाळाचं वजन दहा महिन्यांचं म्हणून लिहीत नाही. इथं लिहू दिलं.

या धंद्याचं खरं यंत्र मला शेवटी कळलं. माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं, चार बाया आणा, तुमची शेवटची किस्त माफ. तिनं मला आणलं. मलाही तेच सांगितलं. मी एक सेविका आणली आणि दुसरी माझी सख्खी नणंद, पूर्णेला दिलेली, शिवणकाम करून घर चालवते. तिला वसतिगृहाच्या गृहपालाची जाहिरात निघाली की भरायची होती. "वैनी, तुम्ही भरायलात तर मीबी भरते," एवढंच ती म्हणाली आणि बचत गटातून कर्ज उचललं. सरांना जाहिरात द्यायची गरजच नव्हती. त्यांच्या दाराशी येणारी प्रत्येक बाई कुणाच्या तरी शब्दावर आलेली असायची, आणि तो शब्द देणारी स्वतः फसलेली असायची. म्हणून 'अमकीनं घेतलंय' हा पुरावा धरू नका. अमकीनं अजून ती पदवी कुठं दाखवलेली नसते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गुणपत्रिका आल्या. त्याआधी मायग्रेशनचे म्हणून साडेचार हजार आणि व्हेरिफिकेशनचे म्हणून अडीच हजार वेगळे घेतले. एकूण ४८ हजार. कागद जाड होता, कोपऱ्यात चमकणारा होलोग्राम. मी पेढे वाटले. लॅमिनेशन करायला वसमतला झेरॉक्सवाल्याकडं गेले, तर त्यानं गुणपत्रिका उजेडात तिरपी धरली, होलोग्रामवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "ताई, हा होलोग्राम तर रोलवर मिळतो. आम्ही शाळेच्या ओळखपत्राला लावतो की." दुकानात तिघं-चौघं उभे होते. लॅमिनेशन न करताच कागद उचलले.

तिथून सेतूवर. तिथला पोरगा स्वतः मुक्त विद्यापीठातून बीकॉम करतोय. त्यानं माझं डिजिलॉकर उघडलं, पदवी शोधली, नाही सापडली. गुणपत्रिकेवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर एक वेबसाइट उघडली. तिच्यावर माझं नाव, गुण, फोटो सगळं होतं! मी सुटकेचा श्वास सोडला. तो पोरगा मात्र वरच्या पत्त्याकडं बघत होता. "ताई, विद्यापीठाच्या वेबसाइटचा पत्ता असा नाही. मधी एक डॅश जास्तीचा आहे." त्या एका डॅशच्या पलीकडं कुणीतरी हुबेहूब दुसरी वेबसाइट उभी केली होती. मग त्यानंच डीईबीची यादी वर्षावर वर्ष काढून दाखवली, आणि खऱ्या वेबसाइटवरून परीक्षा विभागाचा ईमेल शोधून माझ्या नावानं पत्र लिहून दिलं. अकरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हा नोंदणी क्रमांक आमच्या दप्तरात नाही, महाराष्ट्रात आमचं कुठलंही केंद्र नाही.

म्हणजे विद्यापीठ खरं, पण त्याला परवानगी नाही. आणि परवानगी असती तरी त्या विद्यापीठाला मी ठाऊकच नाही. नावाखेरीज त्यांचं यात काहीच नव्हतं.

आम्ही पाच जणी मिळून नांदेडला गेलो. काचेच्या दरवाज्यावर 'स्पोकन इंग्लिश' लागलेलं, आत दुसरीच माणसं. सावित्रीबाईंचा फोटो मात्र तसाच, हार वाळलेला. सरांचा फोन महिनाभर लागत होता, "ताई, विद्यापीठात संप आहे," "ताई, सर्व्हर डाऊन आहे." मग लागेना झाला.

पोलीस ठाण्यात जमादार साहेबांनी पावती वाचली. "बाई, यात पदवी कुठं लिहिलीय? मार्गदर्शन शुल्क आहे. मार्गदर्शन केलं नाही का त्यानं?" ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. सायबरच्या १९३० वर फोन केला. ती हेल्पलाइन चांगली आहे, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे २१ हजार गेल्याला वर्ष उलटलेलं, बाकीचे रोख. शेवटी एका वकिलांकडं गेलो. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "ही गुणपत्रिका तुम्ही कुठं जोडली का? नोकरीला, फायलीत, कुठंही?" मी नाही म्हणाले. "मग तुम्ही फिर्यादी. जोडली असती तर..." पुढं ते बोलले नाहीत. खोटा दाखला खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे. वकील म्हणाले, कागद फाडू नका आणि वापरूही नका. पैसे दिले तेव्हा फसवणुकीचं कलम ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ३१८ झालं. माझे काही पैसे जुन्या कायद्यात गेले, काही नव्या.

वकिलांकडंच एक गंमत कळली. पदवी द्यायचा हक्क फक्त कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा अभिमत विद्यापीठाला आणि संसदेनं तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच, असं १९५६ च्या यूजीसी कायद्यात लिहिलंय. तो मोडणाऱ्याला दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये. माझी नोंदणी फी त्याच्या पाचपट होती.

आता जे घरबसल्या शिकायला निघालेत त्यांना. दूरस्थ शिक्षण वाईट नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीनं २०२२ साली स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याचं विभागीय केंद्र नांदेडलाच आहे; इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्याच्याही आधीचं, १९८५ चं. फॉर्म भरायच्या आधी डीईबीच्या वेबसाइटवर विद्यापीठ, वर्ष, सत्र आणि कोर्स चारही जुळतात का ते स्वतःच्या मोबाइलवर बघा, समोरच्याच्या मॉनिटरवर नको. २०२४-२५ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी काढावाच लागतो, तोही आपला आपण. तुमचा आयडी न मागता कुणी प्रवेश 'करून' देत असेल तर तो प्रवेश कुठंच झालेला नाही. पैसे विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच भरा, पावतीवर विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव वाचा. आणि दरपत्रकावर इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, वकिली दिसली तर जिन्यानंच परत फिरा. हे कोर्स दूरस्थ शिकवायला बंदीच आहे. आमच्या सरांच्या दरपत्रकावर डी. फार्म होतं, एलएलबी होतं. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं डी. फार्मला पैसे भरलेत आणि तो अजून मेडिकल टाकायचं बोलतोय. त्याच्या वडिलांना मी जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "तुमचं फसलं म्हणून सगळ्यांचं फसतंय का?"

मी मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घातलं आहे. पुस्तकं आली, रविवारी केंद्रावर तास असतात. तीन वर्षं लागणार, तोवर माझं वय बेचाळीस. लेक आता मला इंग्रजी वाचून दाखवत नाही, मलाच वाचायला लावते.

वकिलांनी तक्रारीचा अर्ज लिहून दिला आहे. माझ्या ओळखीच्या आम्ही नऊ जणी. मैत्रिणीनं गुणपत्रिकेची झेरॉक्स प्रकल्प कार्यालयात फाइलला लावली होती, ती घाबरून सही करेना; नोकरी जाईल म्हणते, आणि तिची भीती खोटी आहे असं मला म्हणवत नाही. बाकीच्यांच्या नवऱ्यांना माहीतच नाही. तीन सह्या झाल्या होत्या. मागच्या रविवारी नणंद आली. माझ्यामुळं तिचे पैसे गेले, तेव्हापासून ती फारशी बोलत नव्हती. चहा झाला, शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी उघडली, तळातून घडी घातलेली पावती काढली आणि विचारलं, "वैनी, माझं नाव सगळ्यात खाली लिहिलं तर चालतंय का?"